गुंड्याच्या पोटात

खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोम्मे, बोटं हलती ठेव.
एकतीस वर्षं बोटीच्या इंजिनखोलीत
पाने फिरवलेली बोटं.
त्यांना मी दोन सुया दिल्या.
पहिला मफलर वर निमुळता, खाली पसरट.
शेजारच्या पोरीनं विचारलं, हा मासा आहे का?
म्हटलं, हो.

आता मोजे जमतात. टाचसुद्धा वळवता येते.
ह्या फ्योर बेटावर आमचं मंडळ:
बारा बाया आणि मी.
नोव्हेंबरात बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या,
ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी लोकर गुंडाळायची,
गुंडाळता गुंडाळता पोटात काहीबाही लपवायचं.
आपलं नाव सांगायचं नाही.
आणि घेणाऱ्यानं गुंडा नुसता उलगडायचा नाही,
विणत विणतच आत पोचायचं.
बेटावर चोऱ्या होत नाहीत,
ही एक सोडून, असं माझी बहीण काइके म्हणते.

मला आलेला गुंडा करडा, न रंगवलेला,
कोबीच्या लहान गड्ड्याएवढा.
नाकाशी धरला तर ओल्या मेंढीचा वास,
हलवला तर आत खुळखुळ.
वजन केलं: शंभर ग्रॅम.
बुटात घालायचा लांब मोजा एकच होईल.
दुसऱ्या पायानं काय करायचं?
कोण ही चिक्कू?

दोन सुलट, दोन उलट,
दोन सुलट, दोन उलट,
पेपरमिंटची गोळी मांडीवर पडली.
पोटरीपाशी शिंपला.
मग खडीसाखरेचा खडा, कागदात नीट बांधलेला,
तो मी त्याच संध्याकाळी चहात सोडला
आणि तडकताना ऐकला.
एक टाका सुटला होता, चार ओळी खाली.
उसवलं. परत विणलं.
घाई कुणाला होती.

टाच वळवायच्या जागी
लोखंडी नट निघाला.
आठ मिलिमीटरचा. गंज घासून काढलेला, तेल लावलेला.
मी सुया खाली ठेवल्या.

अकरा वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात,
समुद्राच्या बांधावरचं फाटक उघडं राहिलं
आणि ग्योंट्येच्या सात मेंढ्या भरतीत गेल्या.
तिच्या आधी तिथून गेलो होतो मी.
मी सांगत होतो, कडी लावली होती,
नट ढिला होता, गळून पडला असेल.
ती म्हणाली, दाखव नट.
कंदील घेऊन दोन रात्री गवत चाचपलं.
नाही सापडला.
तेव्हापासून अबोला.
मंडळात ती खिडकीपाशी, मी शेगडीपाशी,
मध्ये अकरा जणी आणि त्यांची बडबड.

त्या रात्री दोन वाजेपर्यंत विणलं.
तळवा, मग अंगठ्याकडचा उतार.
गुंडा लिंबाएवढा झाला, मग सुपारीएवढा,
मग नुसताच एक कागद, चौघडी घातलेला.
उघडला.
तिचं अक्षर पुढं झुकलेलं, वाऱ्यात चालल्यासारखं:
दुसऱ्या पायाची लोकर माझ्याकडे आहे.
तू घोटा फार सैल विणतोस.
बस्स. माफी नाही, सही नाही.
मेंढ्यांबद्दल एक अक्षर नाही.
नट कुठं सापडला, कधी सापडला,
किती वर्षं तिच्या खणात पडून होता,
काही नाही.

सकाळी उजव्या पायात तो करडा मोजा चढवला,
डाव्यात जुना निळा. वर रबरी बूट.
ओहोटी होती. चिखल आभाळाच्याच रंगाचा.
खिशात नट,
आणि सवय जाता जात नाही म्हणून
तेरा नंबरचा पाना.

फाटक अजून सुतळीनं बांधलेलं.
वर्षावर्षाची सुतळी, गाठीवर गाठ.
बोटं गारठली, नखानं हाती लागेना,
शेवटी दातांनी सोडवली.
बोल्ट जागेवरच होता, त्याच्यावर नट चढवला.
आटे बरोबर बसले.
मेंढ्या रवंथ करत बघत होत्या,
ह्या नव्या, त्यांना काय ठाऊक.

तिच्या घराचं दार उघडलं.
ती एप्रनला हात पुसत उभी.
मी तोंड उघडणार,
इतक्यात वाऱ्यावरून तिचीच हाक आली,
अकरा वर्षांतली पहिली:

आत येतोस तर ये,
पण ते फाटक लाव आधी!