यापैकी नाही

शासन निर्णय मंगळवारी आला,
सोबत जोडपत्रं अ ते फ.
अध्यापन यापुढे अध्ययनकेंद्री असावे.
स्थानिक कारागिरांचे पूर्वज्ञान तपासून,
पात्र ठरल्यास,
त्यांस अतिथी निदेशक म्हणून पाचारण करावे.
यासाठी वेगळा निधी अनुज्ञेय नाही.

मी तासिका तत्त्वावरचा.
तास झाला तर पैसे.
मे महिन्यात आयटीआय बंद, मीही बंद.
प्राचार्य म्हणाले, राजिवड्याला तुम्हीच जा,
तुमची ओळख आहे.

ओळख म्हणजे एवढीच
की उस्मानचाचा होडेकरांनी
माझ्या बापाच्या होडीची फळी दोनदा बदलली,
त्यातली एकदा उधारीवर,
आणि ती उधारी मला माहीत आहे
हे त्यांना माहीत आहे.

भाट्ये खाडीच्या काठी पठाण घातलेला,
नाळ उभी, बरगड्या उघड्या.
ते काम तसंच टाकून ते परीक्षेला आले,
धुतलेला सदरा घालून.
यंत्राने अंगठा नाकारला.
पन्नास वर्षांच्या राळेत रेषा कुठल्या उरायला?
चौथ्या खेपेला करंगळी चालली.

प्रश्न सहावा : लाकडातला ओलावा कशाने मोजतात?
अ, ब, क : तीन यंत्रांची नावं.
चाचांनी विचारलं, "फळी कुठाय?"
म्हटलं, फळी नसते, नुसता प्रश्न असतो.
त्यांनी बोटाच्या पेराने टेबल वाजवलं,
कान लावला.
सनमायका.
हसले, आणि ड दाबलं.
यापैकी नाही.
मग पुढं सगळीकडे तेच.
चाळीसपैकी नऊ.
जोडपत्र क नुसार अपात्र.

संघटनेच्या सभेत मी इथवरच सांगितलं.
लोक खूप हसले. कुणीतरी चहा पाजला.
दर्शना भाटकरचं सांगितलं नाही.

दर्शना, सुतारकाम, दुसरं वर्ष,
महिलांच्या राखीव जागेवर आलेली.
ती जागाही अशाच एका कागदाने दिली होती,
असाच क्रमांक, अशीच जोडपत्रं,
अशीच कुणाची तरी न वाचता येणारी सही.
होडेकरांच्या चार पिढ्यांत
बाईने पठाणाला हात लावलेला नाही.
चाचांना तीन मुली.
थोरली शमीम लहानपणी लाकडाच्या ढिगाआडून बघायची.
तिला किंकरं धरू दिलं नाही कुणी,
सुई दिली.

मी दर्शनाला घेऊन गेलो
तेव्हा चाचा बराच वेळ खाडीकडे बघत होते.
मग कापसाची वात, तेल, राळ
तिच्यापुढे पायाने सरकवली.
फटीत वात ठोकायची.
फट भरली की आवाज बदलतो,
कसा बदलतो ते सांगता येत नाही.
ती ठोकायला लागली.
ते तिच्याकडे पाठ करून बिडी ओढत बसले.
अकराव्या ठोक्याला
पाठच बोलली : "हां. तिथं थांब."

दुसऱ्या दिवशी शमीम डबा घेऊन आली.
डबा ठेवला.
गेली नाही.

होडी पाण्यात गेली उधाणाला,
पहाटे पाच चाळीसला.
वेळापत्रकात तो तास नाही,
म्हणून बिलातही नाही.
आमच्या खात्यात भरती अकरा वर्षं झाली नाही.
खाडीत रोज दोनदा होते.

अहवाल ऑनलाइन भरायचा होता.
प्रशिक्षण कोणी दिले? यादीतून निवडा.
नियमित निदेशक.
प्रमाणित अतिथी निदेशक.
उद्योग प्रतिनिधी.
आणि सगळ्यात खाली, तेच.
मी ते दाबलं.
चौकट उघडली : कारण लिहा, कमाल शंभर अक्षरे.

उस्मान होडेकर, राजिवडा, एवढं लिहून झालं
तरी बरीच जागा उरली होती.
तिथे लिहिलं :
थोरली मुलगी शमीम, वय चौतीस.
प्रवेश मिळेल का? कळवावे.