डोळे आलेत

मुतला नावाचा चढ आहे, कुवेतहून बसऱ्याच्या वाटेवर.
एरवी या नावाला आम्ही पोट धरून हसायचो,
सहा वर्षं, येता-जाता, दर खेपेला.
त्या सप्टेंबरात बसमध्ये पन्नास माणसं होती
आणि लघवीलासुद्धा खाली उतरायची
कुणाची छाती होत नव्हती.

शेजारी हनोख. हनोख रूबेन तळकर,
शुवेख बंदरातला डिझेल फिटर,
फहाहीलच्या खोलीत माझ्या वरच्या बंकवर झोपणारा.
खोलीत त्याला सगळे इद्रिस म्हणत.
नाव मीच ठेवलेलं. लहानपणी मुल्लाजी सांगायचे,
त्यांचा हनोख तोच आपला इद्रिस.
म्हणजे तसं खोटं नाही, हा माझा हिशेब.
त्याचा हिशेब मी विचारला नव्हता.

शनिवारी त्याची कंबर धरायची.
फोरमनला वाटे, जुनं दुखणं.
शुक्रवारी तिन्हीसांजेला कपाटाचं दार किलकिलं करून
इस्त्रीच्या शर्टांमागे तो एक वात लावायचा,
आणि मी उगाच रेडिओ मोठा करायचो.
आठवडाभर आमच्या शर्टांना तेलाचा वास.
"अष्टमीत आम्हाला शनवारतेली म्हणायचे," तो सांगे,
"शनिवारी घाणा बंद, एवढीच ओळख.
कुणी कधी मारलं नाही त्यावरून.
लपवायची सवयच नाही रे, नीट जमत नाही."

वाद व्हायचे, चहा गार होईपर्यंत.
मी म्हणे, मानेवर सुरी असली आणि काळीज शाबूत असलं
तर जीभ माफ. आमच्यात तसं लिहिलंय.
तो म्हणे, आमच्यातही जीव आधी, नेम मागून.
मग बिनसाखरेचा चहा चमच्याने ढवळत बसे.
"जीभ माफ असेल, शरफू.
पण ती आपली आपण तरी वळवायला हवी ना?"

चढावर बस थांबली.
शिपाई पोरगाच होता. ओठ फुटलेले,
एका बुटाची नाडी सुटलेली.
त्याने पासपोर्ट उलटा धरला, मग सुलटा.
हनूक, म्हणाला. परत एकदा, हनूक.
कुठलं नाव हे? दीन कुठला?

हनोखने तोंड उघडलं.
त्यातून काय येणार होतं, मला आजही माहीत नाही.
मी आधी बोललो.
इद्रिस, म्हणालो. मुसलमान. माझा भाऊ.

मग कलमा म्हणू दे त्याला.
नळी सीटच्या दांड्यावर टेकली.

कलमा हनोखला पाठ होता. माझ्या पोराला
कॅसेटवर भरून पाठवताना मी अडखळलो होतो,
तेव्हा वरच्या बंकवरून त्यानेच सांगितला.

त्याने उजवा हात उचलला
आणि दोन्ही डोळे झाकले.
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
मी तो हात ओळखला. रोज रात्री दिवा मालवला
की तो असाच डोळ्यांवर जायचा,
अंधारात, मला दिसत नाही असं समजून.
आता दुपारचा एक वाजला होता.

"डोळे आलेत त्याचे!" मी ओरडलो, मोडक्यातोडक्या अरबीत.
साथ आहे, सगळ्या कॅम्पला लागलीय, तुला लागेल.
पोरगा दोन पावलं मागे सरला.
पासपोर्ट माझ्या मांडीवर फेकला
आणि कितीतरी वेळ पँटला हात पुसत राहिला.

बस सुटली. हनोखचा हात खाली यायला
सफवान उजाडलं.
काय सांगितलंस त्याला, त्याने विचारलं.
सांगितलं. वाटलं, हसेल,
मुतलाला हसायचा तसा.
"दोनदा बोललास माझ्या वतीने," तो म्हणाला,
"दुसऱ्यांदाचं चालेल."

पहिल्यांदाचं मी विचारलं नाही.
बसऱ्यापर्यंत त्याला
कुठल्याच नावाने हाक मारली नाही.