टोप्या घातलेली अक्षरं

शनिवारी शटर ओढताना वेदांग म्हणाला,
मावशी, जुनं आता चालायचं नाही,
कंपनीनेच हात वर केलेत.
म्हणून रात्रभर लावून ठेवलं.
डिचोली बसस्टँडमागची वीज
त्या रात्री एकदाही गेली नाही,
तेवढंच नवल.

सोमवारी उघडलं तर पडद्यावर कुठलंसं तळं,
निळं, माणूस नसलेलं.
'नमस्कार', मशीन म्हणालं, 'आपण तयार आहोत.'
आपण म्हणजे कोण कोण, ते सांगितलं नाही.

बारा वर्षं हात डाव्या कोपऱ्यात जायचा,
काळोखात भिंतीवरच्या बटणाकडे जातो तसा, न बघता.
तिथे आता काही नाही.
सगळं मधोमध येऊन बसलंय,
लग्नात पहिल्या पंगतीला
घुसलेल्या पाहुण्यांसारखं.

रोहिदास च्यारी म्हणाला, स्वच्छ दिसतं गे,
दवाखान्यात आल्यासारखं.
मग त्याच्या ट्रकचा अर्ज शोधू लागलो,
खाण बंद झाली त्या सालचा,
तेव्हा काही म्हणाला नाही.
प्रेमावतीला गोल केलेले कोपरे आवडले,
म्हणे, पोराबाळांच्या घरात हेच बरं.
पंचायतीतला क्लार्क नुसता हसला.
त्यांच्याकडे अजून ह्याच्याही आधीचं आहे
आणि ते त्याला आयुष्यात पहिल्यांदाच
भाग्य वाटत होतं.

प्रिंटरने ओळख दिली नाही.
कण्हला, एक कोरा कागद बाहेर टाकला,
थांबला.

अकरा वाजता गुणाजी माजिक आला,
मुळगावच्या नाटकाचं हँडबिल घ्यायला.
नाटक परवा. फाईल दरसालची,
फक्त नावं बदलायची.
उघडली,
तर मराठीचा कानामात्राही शिल्लक नाही.
ओळीमागून ओळी
टोप्या घातलेले ए, शेपटी फुटलेले सी,
डोक्यावर दोन ठिपके घेतलेले यू,
मधूनच एखादा डॉलर.
"हातूंत म्हजें नांव खंय आसा गे?"
मी बोट ठेवलं. हे बघ, इथे.
'ग' कुठल्या बटणाखाली राहतो
ते बोटांना माहीत असतं,
डोळ्यांना विचारावं लागत नाही.

बाकावर सिप्रियान बाब बसले होते.
जुनी विक्रीखतं वाचून देतात, पोर्तुगीजमधली,
शंभर रुपये पान.
चष्मा पुसत पडद्याशी आले,
ओठ हलवून पाहिले,
प्रार्थना आठवत असल्यासारखे.
"दिसतं आमचंच," म्हणाले,
"सगळे चेहरे ओळखीचे.
पण बोलत कोणच नाही."

आणि कुणी विचारलं नसताना
एकसष्टचा डिसेंबर सांगू लागले.
अठरा वर्षांचे, कचेरीत शिकाऊ.
काही दिवसांनी दार उघडलं तेव्हा
टेबल तेच, शाई तीच,
दौतीत बुडालेली माशीसुद्धा तीच.
फक्त अर्जाच्या वर कोणाचं नाव घालायचं
ते साहेबालाच ठाऊक नव्हतं.
"मग काय केलंत?"
"वरची ओळ सोडून दिली.
लोक अर्ज आणतच होते.
कुणाला बैल विकायचा, कुणाला जन्म नोंदवायचा."

वेदांग फोन उचलेना.
मग मी पडद्यावरून वाचत गेले,
एकेका टोपीखालचं अक्षर हुडकून,
आणि गुणाजी बॉलपेनने उतरवत गेला.
राणी, सेनापती, पहिला दूत, दुसरा दूत,
पडदे भाड्याने, हार्मोनियम घरचं.
त्याचं अक्षर म्हणजे विंचवाची मिरवणूक,
पण झेरॉक्सचं मशीन जुनं,
ते काही विचारत नाही.
दीडशे प्रती निघाल्या.
काळपट, किंचित तिरक्या, गरम.

गुणाजी गेला. चहा आला.
पडद्याच्या कोपऱ्यातून हळूच एक चौकट वर आली:
पहिले दोन दिवस कसे वाटले?
खाली पाच चांदण्या, पोकळ.
चौकट बंद करावी म्हणून बाण तिकडे नेला
तर त्या वाटेवर एकेक करून भरत गेल्या,
मी अजून काहीच दाबलं नव्हतं.