दोरा कुठे अडतो

हिलेनीनं लेन्सचं नावही काढलं नाही.
स्वाकोपमुंडच्या त्या पत्र्याच्या हँगरमध्ये
माझं हेल्मेट मांडीवर घेतलं, नारळ पारखावा तसं,
आणि जुन्या पॅराशूटची एक दोरी
त्याच्यावरून ओढत राहिली.
अडली.
"हा स्क्रू घास."
पुन्हा अडली.
"ही कड. हिच्यात जीव अडकतो, पोरा."

मी महिनाभर किमती ताडून आलेलो:
मोठा कॅमेरा, दोन लेन्स, वर व्हिडिओचा छोटा डबा.
तिनं सगळं मासळीच्या काट्यावर ठेवलं.
एक किलो नऊशे.
"पॅराशूट उघडताना हे कितीपट होतं
ते मानेला विचार. माझ्या विचारलंय मी."

मग काढत गेली.
उरला हलका कॅमेरा, एकच रुंद लेन्स,
फोकस चिकटपट्टीनं जखडलेला,
डाव्या डोळ्यापुढे अंगठीएवढं वर्तुळ, नेम धरायला,
दातांत धरायचं बटण,
आणि हनुवटीशी लाल फीत:
ओढली की हेल्मेट, कॅमेरा, सगळं वाळवंटाला.
"तेव्हा हप्ते आठवायचे नाहीत."

दहा हजार फुटांवर दार उघडलं.
इकडे वाळू, तिकडे समुद्र,
दोघांचं भांडण मिटवायला आल्यासारखं धुकं.
समोर ओमारुरूची एक निवृत्त शिक्षिका,
गाल फडफडताहेत, तोंड उघडं,
त्या तोंडात आख्खं आभाळ.
मी बटण चावलं.
चावतच राहिलो.

उतरल्यावर हिलेनीनं फोटो मागितले नाहीत.
मानेवर अंगठा दाबून पाहिला,
मग हेल्मेट उचललं
आणि खिशातून तीच दोरी काढली.