खिशातला कांदा

नवतपा लागला की आई अजूनही
माझ्या पर्सच्या बाहेरच्या खिशात एक कांदा टाकते.
मीटरचं रीडिंग घेत फिरणाऱ्या पोरीसाठी
याहून मोठं चिलखत तिला माहीत नाही.

तांडापेठेत, विहिरीमागच्या गल्लीत,
पुंडलिकराव निखारे.
फाटकाची कडी वाजली की आधी त्यांचा आवाज येतो,
मग चपला, मग ते.
"काऊन वो, कोणाले इचारून आत आली?
चोर हाय तुमची कंपनी, अन् तू तिची पोरगी!"

मार्चमध्ये मी सॉरी म्हटलं.
कशाबद्दल, ते आजही सांगता यायचं नाही.
कोपऱ्यावरच्या पानठेल्याशी उभी राहून पाणी प्यायले,
ग्लास दातांवर वाजत होता.

एप्रिलमध्ये मीही ओरडले.
समोरच्या बाया दारात आल्या,
एकीनं तर डोळ्यांनी शाबासकी दिली.
आणि मग रात्रभर
मी त्यांच्याशी भांडत राहिले,
पंख्याखाली,
ते तिथे नसताना.

सहारेदादा, बारा वर्षं याच कामात, म्हणाले,
"त्याच्या तोंडाकडे कायले पाह्यतं बाप्पा,
मीटरकडे पाय."

म्हणून मे महिन्यात मी मीटरकडे पाहिलं.
लाल दिवा नुसता धावत होता,
जसं काही आत लग्नघर आहे.
आणि घरात माणूस एक.
मीटरशेजारची खिडकी अर्धी उघडी:
रिकाम्या खोलीत कूलर सुरू,
वाळ्याचा ओला वास,
पलंगावर घडी न मोडलेली चादर,
खिळ्याला टांगलेली बॅट, तिच्या मुठीवरचं रबर सुटलेलं.

"तिथं काय पाह्यतं?"
ते मागेच उभे होते.
मी काही विचारलं नाही.
तेच म्हणाले, मला नाही, फाटकाला सांगावं तसं,
"पोरगा येते उन्हाळ्यात.
म्हंजे, येत होता."

हे ऐकून माझं सगळं विरघळायला हवं होतं.
थोडं विरघळलंही.
पण पुढच्याच श्वासाला त्यांनी भिंतीवर हात आपटला,
"आकडा कमी लिव! नाही तर पाह्यतो तुले!"
तेव्हा कळलं,
की या माणसाच्या आत एक खोली आहे
आणि बाहेर एक हात आहे,
आणि मला दोन्ही दिसताहेत, एकाच वेळी.

मी फाटकाबाहेर आले.
कडी लावली. आता आमच्यामध्ये ती होती.
"काकाजी, आकडा हाच आहे, मी बदलणार नाही.
आवाज चढला तर मी निघते,
मग कंपनी अंदाजानं बिल लावेल.
हळू बोलाल तर इथंच उभी आहे.
दहा मिनिटं."
'दहा' म्हणताना आवाज फाटला.
फाटू दे म्हटलं.

ते आत गेले. दार इतकं आपटलं
की कडुनिंबावरचे दोन कावळे उडाले.
मी घड्याळ पाहिलं. डांबर चपलेला चिकटत होतं.
सातव्या मिनिटाला आले,
हातात प्लास्टिकची पिशवी, तीत जुनी बिलं,
तारखेप्रमाणे लावलेली, टाचण्या गंजलेल्या.
"अर्ज कुठं द्यायचा?"
मी कागदावर ऑफिसचा पत्ता लिहून दिला.
पाणी त्यांनी विचारलं नाही,
मीही मागितलं नाही.

जूनमध्ये पुन्हा ओरडले.
आतूनच, फाटकापर्यंत न येता.
मला वाटतं यालाच आमच्या गल्लीत सुधारणा म्हणत असावेत,
किंवा गुडघे दुखत असतील.

संध्याकाळी घरी आले की आई पर्समधून
सुकून चुरमडलेला कांदा काढते आणि म्हणते,
"पाय, किती ऊन ओढून घेतलं यानं."
ऊन तसूभर कमी झालेलं नसतं.
त्याचं माझ्याशी वैरही नसतं काही.
मी शिजले नाही, एवढंच.

निखारे, तांडापेठ. जूनचा वापर: चारशे बारा युनिट.
खोली अजून थंड आहे.