उसना दिलेला दिवस

लग्न नऊ ऑगस्टला, शनिवारी.
हिलका कॅलेंडरवर पेन्सिलीने मागे मागे जाते :
पंचावन्न दिवस. पंधरा जून.
पंधरा जूनला नेमका रविवार निघतो.
ग्रोनिंगनच्या या टोकाला, समुद्राच्या बांधाखाली,
रविवारी मातीत बोट घालायचं नाही
ही आईने लावलेली शिस्त
सत्तरीतही तिला मोडवत नाही.
सोळाला पेरते.
म्हणते, एक दिवस देवाला उसना दिला.

मी तेव्हा नवीन, पोलंडहून आलेली.
माझ्या गावी सूर्यफूल म्हणजे खारवलेल्या बिया,
बसथांब्यावर थुंकलेल्या टरफलांचा सडा.
इथे बियांचं नावच नको.
या जातीला परागसुद्धा नसतात,
लोकांच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर पिवळं सांडू नये म्हणून.

"वीतभर अंतर, जास्त नाही," हिलका सांगते,
"ऐसपैस वाढू दिलं की तोंड ताटाएवढं होतं,
आणि ताट कोण ठेवणार फुलदाणीत?"
म्हणून दाटी. खांद्याला खांदा.
कबुतरांसाठी जाळी,
वाऱ्यासाठी दोरीचे दोन पदर,
आणि गोगलगायींसाठी
रात्री बॅटरी घेऊन मी.

कापणीचा नियम एकच :
फुलायच्या आत.
पहिली पाकळी चकतीवरून
नखाने उचलल्यासारखी सुटली, की कात्री.
पहाटे पाचला, दव असताना.
दांडा धरून हलवायचा,
मान डुगडुगली तर अजून एक दिवस.
खालची पानं ओरबाडून टाकायची
(त्या खरखरीत लवेने मनगटं आठवडाभर लाल)
आणि बादलीत पाणी असं, की आपण प्यावं.
मग ते उघडतं कुणाच्या तरी स्वयंपाकघरात,
खिडकी उत्तरेची असली तरी.

जुलैभर मी हजारो कापली.
उघडलेलं एकही पाहिलं नाही.

ऑगस्ट लागला आणि ऊन पिसाळलं.
चौतीस अंश. पस्तीस.
बांधावरच्या मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली
सावली शोधत डोकी खुपसू लागल्या.
मंगळवारी संध्याकाळी लग्नाच्या रांगेत
सगळ्या हिरव्या मुठी होत्या, मी स्वतः दाबून पाहिल्या.
बुधवारी पहाटे गेलो
तर चारशे दांडे, चारशे तोंडं,
एकही मिटलेलं नाही.

नवरी फोनवर म्हणाली, नको,
मला अर्धवट उमललेली हवीत,
पाहुणे जाईपर्यंत टिकणारी.
हिलकाने फोन एप्रनच्या खिशात टाकला.
शिवी तिच्या तोंडात बसत नाही.
"एक दिला होता," म्हणाली, "तीन परत आले.
बँकेपेक्षा व्याज बरं."

मग एक बादली पालथी घातली आणि बसली.
मला दुसरी दिली.
थर्मासमधली कॉफी, एकाच झाकणातून दोघी.

ती सगळी पूर्वेकडे तोंड करून होती.
त्यांना समोरून बघायचं
तर सूर्याकडे पाठ करावी लागते,
हे मला तोवर माहीत नव्हतं.
पाठ भाजत होती.
एक जाडा भुंगा चकतीवर गोल गोल फिरला,
परागांशिवाय त्याला काय मिळत होतं कोण जाणे,
पण हटला नाही.

पलीकडे दहा दिवसांनी पेरलेली रांग होती,
बोराएवढ्या टणक कळ्या.
ऊन टिकलं तर शनिवारपर्यंत कदाचित.
आम्ही दोघींनी तिकडे पाहिलं,
आणि तो विषय कुणीच काढला नाही.

हिलकाने खिशातून कात्री काढली,
उघडली, मिटली, परत ठेवली.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग कोपराने मला ढोसून म्हणाली,
"जरा सरक.
तुझी सावली पडतेय त्यांच्यावर."