आलं का?

तक्रार क्रमांक सत्तेचाळीस. दुरेस, बंदरामागची इमारत,
पाचवा मजला, लिफ्ट नाही.
नाव शेचेरे. वय लिहिलेलं नाही.
बेल दाबायच्या आधीच आतून आवाज:
तीन दिवस झाले, नुसतं निळं दिसतंय.

आधी नेहमीचं.
वायर काढली, फुंकर मारली, परत खोचली.
डबा बंद करून तीसपर्यंत मोजलं,
मी मोठ्याने, तिने मनात.
रिमोट, मेनू, शोधा. शून्य टक्के. शून्य टक्के.
निळ्यावर पांढरी अक्षरं: सिग्नल नाही.
पूर्वी निदान मुंग्या यायच्या, ती म्हणाली,
मुंग्यांत कुणीतरी हलताना दिसायचं.
हे तर कचेरीतलं उत्तर झालं. उद्या या.

मग गच्ची.
पाण्याच्या टाक्या, कबुतरांची घाण, वाळत घातलेला एकच पायजमा,
आणि चाळीसेक तबकड्या, सगळ्या दक्षिणेकडे तोंड करून
कवायतीला उभ्या केल्यासारख्या.
हिची तेवढी पश्चिमेला. समुद्राकडे.
वाऱ्याने असं होत नाही.
वारा बोल्ट सैल करतो,
परत आवळून ठेवत नाही.

मीच फिरवली, ती म्हणाली.
तेव्हा तिकडेच फिरवायचो ना.

तेव्हा म्हणजे कधी, ते मला आईकडून ठाऊक आहे.
रात्री अकरानंतर एरियल इटलीकडे,
बिअरच्या डब्यात बसवलेलं चोरटं यंत्र त्याला बांधलेलं,
आणि उजाडायच्या आत सगळं परत तिरानाकडे, मुकाट.
दुसऱ्या मजल्यावरच्या एकाला
मान वर करून मोजायची सवय होती.
बार्धिल खाली पडद्यापाशी, ही वर अंधारात.
ओरडायची सोय नाही,
म्हणून तो नळाच्या पाइपावर चमचा वाजवायचा.
एकदा टक्: अजून.
दोनदा: थांब, आलं.

मांजरांसाठी वेगळं डबाबंद मटण असतं
हे आम्हाला जाहिरातीत कळलं, ती हसली.
आमचं तर माणसांचंच कधी मिळायचं, कधी नाही.
मग म्हणाली,
शुक्रवारी वादळात गेलं. वर आले, फिरवली,
खाली जाऊन बघितलं, निळं.
परत वर. परत खाली. नऊ खेपा झाल्या.
खाली कुणी नाही ना वाजवायला.

माझ्याकडे मीटर आहे.
सिग्नल जवळ आला की तो आपणच चिरकतो,
खाली माणूस लागत नाही,
प्रशिक्षणात हेच त्याचं मोठेपण सांगितलं होतं.
मी म्हणालो, तुम्ही खाली जा. आलं की सांगा.

बोल्ट सैल केले. दक्षिण, आणखी जरासं.
मीटर किंचाळला, ब्याऐंशी.
त्याचा आवाज बंद केला.
पाइपातून: टक्.
केसभर सरकवली. एकोणऐंशी.
टक्.
परत ब्याऐंशीवर आणली.
टक्.
जिन्यातून आता बातमीवाला ऐकू येतोय,
उद्याचं हवामान सांगतोय, स्पष्ट,
तरीही टक्.
बारीची बोट धक्क्याला लागते आहे.
मला अजून अठ्ठेचाळीस आहे, एकोणपन्नास आहे,
आणि एकोणपन्नासचा माणूस तापट आहे.
टक्.
मी तबकडीला हात लावत नाही,
पाना नुसता दांड्यावर घासतो, फिरवल्यासारखा.
टक्.
घासतो.
बराच वेळ काही नाही.

मग दोनदा.

कारण या रकान्यात लिहिलं: वारा.
तिने सही केली, अक्रोडाचा मुरांबा दिला, पाणी दिलं.
ओट्यावर चमचा पडला होता,
ॲल्युमिनियमचा, एका बाजूने पार चपटा.
मुरांब्यासाठी तिने दुसरा काढला.